करवानकाचा उन्हाळा आणि कृष्णेचे आवर्तन

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरून वाईमार्गे कऱ्हाडला येते, तेथे कोयना तिला मिळते, आणि पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ येरळेचे व हरिपूरजवळ वारणेचे पाणी घेऊन ती कर्नाटकाच्या दिशेने जाते. पावसाळा ओसरल्यानंतर या पात्रात जागोजागी गोटे, भरड वाळू आणि उघडा खडक यांचे पट्टे वर येतात. महसूल खात्याच्या नकाशावर ते निव्वळ नदीपात्र असते, ठेकेदाराच्या लेखी ती ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, मोजायची वाळू असते, आणि पूररेषेचा विचार करणाऱ्याला तो प्रवाहातील अडथळा वाटतो. मोठा करवानक या पक्ष्याला मात्र अशाच पट्ट्यांवर पिढी वाढवावी लागते.

हा काठपक्षी आहे, म्हणजे पाण्याच्या कडेला उघड्या जमिनीवर चालून खाद्य शोधणाऱ्या आणि बहुधा जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या समूहातला आहे. टिटव्या, चिखले आणि तुतवार हे त्याचे दूरचे नातलग. त्याचे शास्त्रीय नाव ‘इसाकस रिकर्व्हिरॉस्ट्रिस’ असून लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पाठ राखट-तपकिरी, पोट पांढरे, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, बुडाशी पिवळी व पुढे काळी अशी जाड आणि किंचित वर वळलेली चोच, आणि अंधारात पाहण्यासाठी घडलेले मोठे पिवळे डोळे, असे त्याचे रूप आहे. दिवसाचा बराच वेळ तो खडकाच्या आडोशाला निश्चल उभा राहतो आणि संध्याकाळ झाली की खेकडे व मोठे कीटक शोधत पाण्याच्या कडेने हिंडू लागतो. साधारण फेब्रुवारी ते जून हा त्याच्या विणीचा काळ आहे. तो घरटे असे बांधत नाही. गोट्यांमध्ये किंवा वाळूत एक उथळ खळगा असतो, त्यात बहुधा दोन अंडी असतात, आणि त्यांच्यावरचे गडद ठिपके व फराटे भोवतालच्या खड्यांशी इतके मिळून जातात की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही ती चटकन दिसत नाहीत.

इराणच्या बाजूपासून भारतीय उपखंडामार्गे आग्नेय आशियापर्यंत हा पक्षी आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, आपल्या लाल यादीत त्याला ‘संकटसमीप’ या गटात ठेवले आहे. जी जात आज संकटग्रस्त ठरण्याच्या निकषांत बसत नाही, परंतु परिस्थिती अशीच राहिली तर लवकरच बसू शकेल, ती संकटसमीप मानली जाते. या वर्गीकरणातून कोणते कर्तव्य निघते, याबद्दल सातारा-सांगलीत दोन प्रामाणिक मते आहेत. ती येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत : पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आणि महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक अभ्यासिका. व्यक्ती कल्पित असल्या, तरी त्यांच्या भूमिका या दोन जिल्ह्यांत नेहमी ऐकू येणाऱ्या आहेत.

अभियंता : मॅडम, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘संकटसमीप’ याचा सरळ अर्थ हा पक्षी अजून संकटात नाही असा होतो. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके मात्र आज संकटात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या होते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या योजनांनी, तेथील शिवारात पाणी पोहोचवले. हे पाणी उन्हाळ्यात लागते आणि उन्हाळ्यात ते कोयनेतूनच येते. जो पक्षी अजून संकटातही नाही, त्याच्यासाठी या पाण्याच्या हिशोबात हात घालायचा, हे न्यायाचे कसे ठरते?

अभ्यासिका : साहेब, संकटसमीप असतानाच्या उपायांना फारसा खर्च येत नाही, म्हणून तर बोलण्याची वेळ हीच आहे. माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे पाहिले आहे. सोलापूर-नगरच्या माळांवर तो पुरेसा होता तोवर त्याचा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटला नाही; अभयारण्य झाले तेव्हा माळ तुटक झाले होते, आणि आज राज्यात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शिवाय आमच्या मागणीत दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा एक थेंबही कमी करायचा नाही. पाणी किती सोडायचे हे आपल्याच खात्याने ठरवावे. प्रश्न फक्त ते केव्हा आणि कोणत्या चढउताराने सोडायचे, एवढाच आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे. पक्षिसंवर्धनाची चर्चा बहुधा पाण्याच्या वाट्यावर येऊन अडकते. १९७६ च्या बच्छावत लवादाच्या निवाड्यापासून कोयनेच्या पाण्याची वाटणी हा आकड्यांचा विषय झाला आहे : सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, साठवण असलेल्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे ६७.५ टीएमसी पाणी वळवता येते आणि पूर्वेकडच्या सिंचनासाठी उरलेल्यातून पाणी सोडले जाते. त्या आकड्यांत पक्ष्यासाठी एक रकाना मागितला की प्रत्येक वाटेकरी आपला वाटा घट्ट धरणार, हे उघड आहे. करवानकाला मात्र पाण्याचा वाटा नको आहे; त्याला विणीच्या काळात पातळीचे स्थैर्य हवे आहे.

अभियंता : स्थैर्य हा शब्द कागदावर सोपा आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहाचे एक जनित्र चालले तर १०५० क्युसेक, दोन्ही चालली तर २१०० क्युसेक पाणी नदीत येते, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट. इथपर्यंत सगळे स्थिरच आहे. पुढे नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पाऊस संपला की ते पुन्हा बसवतात, आणि दोन बंधाऱ्यांमधले पात्र तळ्यासारखे तुडुंब भरते. मग दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी त्यातून पाणी उचलतात. कोणत्या गावात वीज कधी आली आणि किती मोटारी एकदम सुरू झाल्या, यावर पातळी ठरते. तिच्यावर ना धरणाच्या शाखा अभियंत्याचा ताबा असतो, ना पक्षिमित्रांचा.

अभ्यासिका : आपण जे सांगितले, त्यातच या पक्ष्याची अडचण आहे. बंधाऱ्यामागचे पाणी मोटारींनी हळूहळू उतरते, तसा फेब्रुवारी-मार्चमध्ये गोट्यांचा पट्टा उघडा पडतो. तो भोवतालच्या काठापेक्षा सुरक्षित असतो, कारण त्याच्याभोवती पाणी असते, कुत्रे आणि कोल्हे सहज पोहोचत नाहीत. करवानकाची जोडी तो पट्टा निवडते आणि पाण्याच्या पातळीपासून थोड्याच उंचीवर अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांनी आवर्तन सुटते, म्हणजे सिंचनासाठी ठरवून सोडलेल्या पाण्याची पाळी येते, बंधारा पुन्हा भरतो आणि पट्टा बुडतो. पूर्वी नदी उन्हाळ्यात आटतच जायची. फेब्रुवारीत उघडी पडलेली जागा जूनपर्यंत उघडीच राहणार, या भरवशावर या पक्ष्याची वीण जुळलेली आहे. आज तीच जागा त्याला बोलावते आणि बुडवते.

अभियंता : टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त होणार, असे आमच्याकडचे शेतकरी म्हणतात. हा पक्षी तसा उंचावर का जात नाही?

अभ्यासिका : जागा असेल तर जातोही. पण उंचावरचे पट्टे एक तर वाळूसाठी उचलले गेले आहेत किंवा झुडपांनी भरले आहेत, आणि काठावरच्या मळीच्या जमिनीत, म्हणजे पुराच्या गाळाने बनलेल्या त्या सुपीक पट्टीत, ऊस आणि वांगी थेट पाण्यापर्यंत आली आहेत. त्या शेतीला दोष देण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव त्याच मातीमुळे झाले. पण पक्ष्याला सरकायला मागे जागाच उरलेली नाही.

येथे अभियंत्यांच्या बाजूने असा मुद्दा येतो की, धरणांनी जागा हिरावल्या तशा दिल्याही. येरळवाडी किंवा मायणी येथील तलावांच्या काठी उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि विस्तीर्ण उघडी जमीन तयार होते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरत आले आहेत, आणि २०२१ मध्ये मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. तेव्हा नदीतील काठपक्ष्यांनी तलावांकडे वळावे आणि नदी सिंचनाला मोकळी राहावी, ही विभागणी त्यांना व्यवहार्य वाटते. मुद्दा वरवर पटणारा आहे, पण टिकणारा नाही, आणि त्याचे कारण अभ्यासिका पाटबंधारे खात्याच्याच परिभाषेत सांगतात.

अभ्यासिका : तलावाच्या काठावर पाणी चढत नाही, उतरत जाते, त्यामुळे अंडी बुडत नाहीत, हे खरे. पण पाणी हटले की उघडी पडलेली जमीन आपलेच खाते गाळपेरासाठी, म्हणजे त्या गाळावर पीक घेण्यासाठी, देते. नांगर फिरतो, गुरे येतात, गुरांमागे कुत्रे येतात. खळगा पाण्यापासून दूर पडत जातो आणि पिलांना खाद्यासाठी उघड्यावरून लांब चालावे लागते. शिवाय हिवाळी पाहुणे आणि उन्हाळ्यात वीण करणारे पक्षी यांच्या गरजा वेगळ्या आहेत. रोहित पक्ष्यांना उथळ पाण्यात खाद्य मिळाले की पुरे, कारण त्यांची वीण दुसरीकडे होते. हिवाळी थव्यांसाठी राखलेले तळे एप्रिल-मेमध्ये करवानकाच्या उपयोगी पडेलच, असे धरून चालता येत नाही.

अभियंता : मग वाळूचे काय? २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीतल्या प्रत्येक सभेत एकच मागणी होती की नदीतला गाळ काढा आणि बेटे हटवा. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. ज्यांच्या घरात छातीपर्यंत पाणी आले, त्यांना पात्रातले गोटे राखून ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

या प्रश्नाला पुराच्या वेदनेचे वजन आहे आणि त्याला घाईचे उत्तर देणे बरोबर होणार नाही. अभ्यासिकाही घाई करत नाहीत. पूर अडवणारे बेट आणि पूर वाहून जाऊ देणारे बेट यांच्यात त्या फरक करतात. उघड्या गोट्यांच्या पट्ट्यावरून पुराचे पाणी सरळ वाहून जाते, तर त्याच पट्ट्यावर वेड्या बाभळी आणि बेशरमाची झुडपे दाटली की पाणी अडते, गाळ साचतो आणि पट्टा दरवर्षी उंच होत जातो. धरणांमुळे पावसाळ्यातील मध्यम पूर कमी झाले, म्हणून झुडपांना उखडून नेणारा दरवर्षीचा लोट आता येत नाही आणि ती मुळे धरतात. झुडपांनी भरलेला पट्टा करवानकालाही नको असतो, कारण त्याला चहूबाजूंनी उघडे दिसायला हवे. आडोसा असलेल्या जागी त्याचा शत्रू दबा धरून बसू शकतो.

अभियंता : म्हणजे झुडपे काढायला आपली हरकत नाही?

अभ्यासिका : हरकत तर नाहीच, उलट ती काढलीच पाहिजेत. फक्त हे काम जानेवारी संपण्यापूर्वी उरकावे, आणि झुडपे काढताना खालचे गोटे उचलू नयेत.

अभियंता : हे मात्र पटण्यासारखे आहे. या कामाचे अंदाजपत्रक पूरनियंत्रणाच्या शीर्षाखालीही बसू शकेल.

दोघांचे पहिले एकमत झाले ते झुडपांवर. कोणाही एकाची बाजू पुढे रेटणाऱ्या चर्चेत ते बहुधा झाले नसते. वाळूवर मात्र ते लगेच पुन्हा विरुद्ध टोकांना जातात. अभियंता राज्याच्या वाळू धोरणाकडे बोट दाखवतात : २०२३ मध्ये शासनाने ६०० रुपये ब्रास या दराने वाळू देण्याचे ठरवले, कारण घरकुल बांधणाऱ्या सामान्य माणसाला चोरट्या बाजारातला भाव परवडत नव्हता, अधिकृत उपसा थांबवला की चोरटा उपसा वाढतो, आणि रात्री सक्शन पंप लावणारा माणूस कोणाचीच अंडी पाहत नाही. अभ्यासिका हे नाकारत नाहीत, पण एक विसंगती दाखवतात. पावसाळ्यात वाळू उपशाला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो की कायदेशीर उपशाचा सगळा जोर कोरड्या महिन्यांवर येतो, आणि नदीच्या पात्रात अंडी घालणाऱ्या प्रत्येक पक्ष्याचे महिने तेच आहेत. करवानकाबरोबरच नदी सुरय, छोटी आर्ली आणि कंठेरी चिखल्या हेही याच काळात, याच प्रकारच्या जागी अंडी घालतात. त्यांपैकी नदी सुरय तर लाल यादीत ‘असुरक्षित’ या अधिक गंभीर गटात गेला आहे.

अभ्यासिका : आणि ही वाळू परत येत नाही, साहेब. सह्याद्रीचा खडक बेसॉल्टचा, काळ्या कातळाचा आहे. त्याची झीज होऊन मुख्यतः चिकणमाती तयार होते, वाळू थोडीच मिळते. जी मिळते ती धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना या धरणांच्या मागे अडते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपशापूर्वी पुनर्भरणाचा अभ्यास व्हायला हवा, म्हणजे गेल्या पावसाळ्यात नदीने किती वाळू नव्याने आणून टाकली हे मोजायला हवे. ते मोजमाप प्रामाणिक झाले, तर कऱ्हाडखालच्या कित्येक पट्ट्यांवर उपशाला परवानगीच मिळणार नाही.

अभियंता : आता कायद्याचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि घरट्याला उपद्रव देणे येते. मग उद्या आवर्तन सोडणाऱ्या अधिकाऱ्यावर शिकारीचा गुन्हा दाखल व्हायचा का? अशी भीती निर्माण झाली तर पक्ष्याचे नाव काढले तरी खात्यातला माणूस फाईल बंद करील.

अभ्यासिका : तसे कोणालाच नको आहे, आणि तशी धमकी देणे मूर्खपणाचे ठरेल. कायद्याचा वचक पात्रात यंत्रे उतरवणाऱ्यावर हवा. त्याला खळगा कुठे आहे हे आधी दाखवून दिले तर अजाणतेपणाची सबब उरणार नाही. धरणाच्या बाबतीत मागणी फार साधी आहे. पहिले उन्हाळी आवर्तन जानेवारीच्या अखेरीपर्यंत सोडून बंधारे भरून घ्यावेत, म्हणजे करवानक त्या वरच्या पातळीला धरूनच जागा निवडील. नंतरची पाणी सोडण्याची पाळी लांबवण्याऐवजी ती थोड्या पाण्याने पण लवकर सुरू करावी, म्हणजे मधला उतार फार खोल जाणार नाही. यात पाण्याचे एकूण माप तेच राहते.

अभियंत्यांच्या उत्तरात या भागाचे वास्तव आले आहे. उन्हाळी आवर्तनाची तारीख केवळ पाण्यावर ठरत नाही. उपसा योजनांचे पंप विजेवर चालतात, वीजबिलाची थकबाकी साचली की ते सुरू व्हायला उशीर होतो, आणि थकबाकी कोण भरणार हे ठरेपर्यंत मार्च उजाडतो. २०२३ सारखे कमी पावसाचे वर्ष आले तर कोयनेच्या पाण्यावरून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतच ताण निर्माण होतो आणि सांगलीजवळ कृष्णा कोरडी पडण्याची वेळ येते. अशा वर्षी विणीचे वेळापत्रक कोणीही पाळणार नाही, आणि माणसांच्या पिण्याच्या पाण्याशी त्याची तुलनाही होऊ नये, असे ते स्पष्ट सांगतात. अभ्यासिका हे मान्य करतात. दीर्घायुषी पक्ष्याची एका वर्षाची वीण वाया गेली तर जात संपत नाही. सलग अनेक वर्षे वाया गेली, तर आज दिसणारे करवानक ही म्हातारी, वारस नसलेली पिढी ठरू शकते. मोठा करवानक अजून दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असे मानणे किती धोक्याचे आहे, हे या एका विधानातून समजते. डोळ्यांना दिसणारा पक्षी जुन्या विणीचा असतो आणि चालू विणीचे नुकसान बऱ्याच वर्षांनी दिसते.

अभियंता : आपण सगळे तारखांवर आणता आहात, ते बरे आहे, कारण तारखा ठरवण्याची जागा अस्तित्वात आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने ठरतात. तेथे लोकप्रतिनिधी असतात, शेतकरी असतात, खाते असते. आजवर तेथे कोणी वन्यजीवांचा कागद घेऊन आलेले पाहण्यात नाही. पण ‘पक्षी वाचवा’ असा अर्ज तेथे चालणार नाही. कोणत्या दोन बंधाऱ्यांच्या मध्ये, कोणत्या गावाच्या हद्दीत, पाण्याची पातळी किती असताना कोणता पट्टा उघडा पडतो, हे लिहून द्यावे लागेल. खात्याला मीटरमध्ये उत्तर देता येते.

अभ्यासिका : ते काम महाविद्यालयातले विद्यार्थी करू शकतात. टेंभूपासून म्हैसाळपर्यंत पात्राची पाहणी दोन उन्हाळ्यांत होऊ शकते. खळग्याजवळ कोणी जायचे नाही, दुर्बिणीतूनच नोंद घ्यायची, कारण भर दुपारी पक्षी उठला आणि अंडी उघडी राहिली तर एप्रिलच्या उन्हात ती फार वेळ टिकत नाहीत. जागांची नेमकी माहिती समाजमाध्यमांवर टाकायची नाही, ती फक्त खात्याला आणि वनविभागाला द्यायची. हीच यादी जिल्हा सर्वेक्षण अहवालासाठीही देता येईल, कारण वाळूचे कोणते पट्टे लिलावात जाणार हे त्या अहवालावरून ठरते.

एक मुद्दा अजून बाकी आहे आणि त्यावर दोघांचे जुळत नाही. नदीपात्र शासनाच्या मालकीचे असल्यामुळे त्यातील दोन-चार निवडक पट्ट्यांना मायणीप्रमाणे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यावा, कारण अधिकारी बदलला की तोंडी ठरलेले वेळापत्रक बदलते, असे अभ्यासिकांना वाटते. असा दर्जा मिळाला की बंधाऱ्याची साधी दुरुस्ती किंवा पुराच्या वेळचे तातडीचे कामही वनविभागाच्या परवानगीत अडकेल, आणि जे शेतकरी आज या पक्ष्याकडे तटस्थपणे पाहतात ते त्याच्या विरोधात जातील, असे अभियंत्यांचे म्हणणे आहे. येथे अभियंत्यांच्या शंकेत तथ्य आहे, तरी अभ्यासिकांची बाजू अधिक सबळ वाटते. ज्या जातीचे आयुष्य दीर्घ आणि वीण मंद आहे, तिच्यासाठी एका अधिकाऱ्याच्या सद्‌भावनेवर विसंबलेली व्यवस्था पुरी पडत नाही, आणि दर्जा देताना बंधाऱ्याच्या देखभालीची कामे आदेशातच वगळता येतात. अभियंत्यांनी ही सवलत ऐकून घेतली, पण संमती दिली नाही; आधी दोन उन्हाळ्यांची यादी समितीपुढे यावी आणि जानेवारीतले आवर्तन एकदा तरी वेळेवर सुटलेले दिसावे, मग दर्जाबद्दल बोलू, एवढेच त्यांनी मान्य केले.